मेणातला चावा

३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

लवंगीच्या दुसऱ्या ऑपरेशनची तारीख मिळाली. मार्चचा दुसरा आठवडा. तान्ही असताना केलं ते नुसतं ठिगळ होतं. आता भोक बुजवून झडपही रुंद करणार आहेत. तारीख ऐकून यांनी ती तिथेच पाकिटाच्या मागे लिहून घेतली. मग हृदयाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून तिचं तोंड बघितलं, बॅटरी विझवली आणि म्हणाले, हे तोंड आधी साफ करून आणा, त्याशिवाय मी छातीला हात लावणार नाही. किडक्या दातातली घाण रक्तात उतरते आणि जाऊन झडपेवर बसते म्हणे. एकदा बसली की तिला उठवणं कठीण.

गल्लीतल्या दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर हातमोजे चढवून तयार, लवंगी आ करून तयार. त्याने सवयीने विचारलं, दुसरा काही आजार? मी सांगितलं. त्याने हातमोजे काढून ठेवले. दुसऱ्याने तर दारातूनच वाट दाखवली. हृदयवाले म्हणतात आधी दात, दातवाले म्हणतात आधी हृदय, आणि मी तिला कडेवर घेऊन दोघांचे जिने चढते आहे, कारण पाच वर्षांची झाली तरी चार पायऱ्यांत तिचे ओठ निळे पडतात.

शेवटी मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग सापडला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आजार ऐकूनही हातमोजे काढले नाहीत. पण त्या म्हणतात आठ दात काढायचे. वरचे पुढचे चार आणि चार दाढा, एकाच वेळी, भूल देऊन. विसातले आठ, दादा.

तू जन्मभर दातच केलेस. तू म्हणशील तसं करीन. लॉन्ड्रीत माझी रजा केव्हाच संपली आहे, आता मुकादम नुसता बघतो आणि मान फिरवतो. लवकर लिही.

बारकी


८ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, आधी पोरीची चौकशी कर, मग दातांची. म्हणून विचारतो, लवंगी कशी आहे?

आता दातांचं. आठ दात किडेपर्यंत तू करत काय होतीस? मामा कवळ्या करतो आणि भाचीच्या तोंडाची ही दशा, हे गिऱ्हाइकांना कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही हे खरं आहे, पण या गावातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी जेवतात. तेव्हा मी काय सांगतो ते नीट ऐक.

दूधदात पडायचेच असतात, काढले काय आणि राहिले काय, असं लोकांना वाटतं. ते चूक आहे. दुधाची दाढ मागून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा धरून बसलेली असते. ती अवेळी काढली की शेजारची दाढ पुढे सरकते, आणि पक्का दात यायच्या वेळी त्याला जागाच उरत नाही. मग तो वाकडातिकडा कुठूनही निघतो. असे जबडे माझ्या हाताखालून रोज जातात. तेव्हा मला बघितल्याशिवाय कशालाही हो म्हणू नकोस.

सोबत गुलाबी मेणाचे दोन पत्रे पाठवतो आहे. एक कोमट पाण्यात धर. कढत पाणी नको, मेण लोळागोळा होईल. बोटाने दाबल्यावर ठसा उमटला पाहिजे पण बोटाला चिकटता कामा नये, तेव्हा ते तयार झालं असं समज. लवंगीला सरळ बसव, पत्रा दातांमध्ये ठेव आणि एकदाच दाबून चावायला सांग. चघळू देऊ नकोस. लगेच गार पाण्यात टाक, कापसात गुंडाळ आणि डब्यात घालून पाठव. पाकिटात घातलंस तर टपालवाले त्याची पोळी करतील.

साचा बघितला की सांगतो.

दादा


१४ फेब्रुवारी

दादा,

मी काय करत होते विचारतोस, तर वजन वाढवत होते.

जन्मल्यापासून दर तपासणीला आधी काटा. वजन नाही तर ऑपरेशन नाही, हे मला इतक्या तोंडांनी सांगितलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. चार घोट प्यायली की ही दमणार, घामाने भिजणार आणि झोपणार. मग मी दुधात साखर घातली, पाण्यात साखर घातली, झोपेतही बाटली तोंडात ठेवली. हृदयाची औषधं तर सगळी पाकातलीच. निजताना शेवटची मात्रा आणि त्यावर पाणीसुद्धा नाही, कारण उलटी झाली तर मात्रा फुकट. ब्रश लावला की हिरडीतून रक्त यायचं. हिच्या बाबतीत रक्त बघितलं की मला दुसरंच काहीतरी सुचतं, म्हणून मी ब्रश लावणं सोडलं. इतक्या तपासण्या झाल्या, पण तोंड उघड असं एकानेही तिला म्हटलं नाही. वजन वाढलं, तारीख मिळाली, आणि आता सगळे मला विचारतात की बाई, दातांकडे लक्ष नव्हतं का. तूही विचारलंस, म्हणजे आता कोणी राहिलं नाही.

मेणाचं तू सांगितलंस तसं केलं. पहिला पत्रा तिने आरपार चावला आणि चव नाही म्हणून तक्रार केली. दुसरा बरा आला आहे, तो पाठवते. चावताना उजवीकडे दाबत नव्हती, चुकवत होती, असं मला वाटलं. तिचा निरोप आहे की मामाला सांग, मी त्याला चावले.

डॉक्टरीणबाईंनी सत्तावीस तारखेला बोलावलं आहे. त्याच्या आत तुझं पत्र येऊ दे.

बारकी


२० फेब्रुवारी

प्रिय बारके,

मागच्या पत्रात बोललो त्याचं मनावर घेऊ नकोस. तुझी वहिनी माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

तुझं मेण उत्तम पोचलं. त्यात प्लास्टर ओतलं, ठोकून ठोकून हवा काढली, एक बुडबुडा राहू दिला नाही. आता लवंगीचं तोंड माझ्या टेबलावर आहे. भिंग लावून एकेक दात बघितला. पुढचे वरचे चार संपलेत, नुसते खुंट आहेत. ते वर्षा-दीड वर्षात आपोआप पडणारच होते. त्यांच्यासाठी भांडू नकोस, जाऊ देत.

दाढांचं मात्र तसं नाही. चारींच्या भिंती उभ्या आहेत. वरून खड्डे पडलेत, पण कडा शाबूत आहेत. उजवी खालची, शेवटून दुसरी, तिला सगळ्यात मोठा खड्डा आहे, तरी दाढ भक्कम आहे. असल्या दाढा साफ करून भरता येतात, वर स्टीलची टोपी बसवता येते. उजवीकडे ती दाबत नव्हती म्हणालीस, ते खड्ड्यात अन्न अडकत असेल म्हणून. दाढ भरली की थांबेल.

तर माझं मत स्पष्ट आहे. चार काढा, चार भरा. सरसकट आठ काढणं ही घाई आहे. त्यांच्याकडे रांग असते, काढणं सोपं पडतं, भरायला वेळ लागतो. तू पाय घट्ट रोवून सांग. शिकलेली माणसं समोरचा ठाम असला की ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

दादा


२७ फेब्रुवारी

दादा,

आज जाऊन आले. तू सांगितलंस तसंच्या तसं सांगितलं. चार काढा, चार भरा.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांचा डबा टेबलावर अर्धा खाल्लेला तसाच होता आणि बाहेर बाकं भरलेली होती. त्यांनी विचारलं, "असं कोण म्हणालं?"

मी म्हटलं, "माझा भाऊ. तो दातांचंच काम करतो."

"लहान मुलांच्या?"

मी लवंगीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग त्या म्हणाल्या, "हिला भूल मी एकदाच देणार. अर्धं आज आणि अर्धं नंतर, असं हिच्या बाबतीत जमणार नाही. आणि त्या दाढा मला ठेवायच्या नाहीत. तुम्ही घरी ठरवा, पण लवकर ठरवा."

शेजारी उभ्या असलेल्या यांना विचारलं, तर हे म्हणाले, तुझा भाऊ काय म्हणतो ते कर, मला यातलं काय कळतं. मग मी नको म्हणून लवंगीला उचलून बाहेर आले. बाईंनी पुढच्या मुलाला हाक मारली.

मी बरोबर केलं ना?

बारकी


१२ मार्च

प्रिय बारके,

अगदी बरोबर केलंस. याला म्हणतात बहीण. त्यांना एक ठाम माणूस भेटला नाही तर ते सगळ्यांचे सगळे दात काढत सुटतील.

मध्ये हेच लिहून एक पत्र टाकलं, त्याला तुझं उत्तर नाही. फोन लावतो तर बंद. इस्पितळात फोन बंद ठेवावा लागतो हे मला माहीत आहे, म्हणजे दाढा भरायचं काम चाललं असणार. एकेका दाढेला दोन-तीन खेपा लागतात, तेव्हा दगदग होणारच. हृदयाच्या डॉक्टरांना तोंड दाखवलं का? तारीख तीच आहे की चार दिवस इकडेतिकडे?

टोप्या कुठल्या बसवल्या ते बघून ठेव. कडेला हिरडी लाल दिसली तर टोपी मोठी झाली असं समज आणि बदलून माग.

दादा


१६ मार्च

दादा,

फोन मीच बंद ठेवला होता. तुझ्याशी बोलले असते तर ओरडले असते, आणि वॉर्डात ओरडता येत नाही.

आम्ही दाढा भरायला कुठे गेलोच नाही. आठ नको म्हणून घरी आणली, त्याच आठवड्यात तिचा उजवा गाल सुजला. सकाळी तोंड उघडेना. अंग तापलं, आणि ओठ नुसते बसल्या जागी निळे व्हायला लागले. हृदयाच्या वॉर्डात भरती केली आहे. उजवी खालची, शेवटून दुसरी. तुझ्या साच्यात भक्कम आहे ती. तिच्या मुळाखाली पू धरला आहे.

शिरेतून औषध चालू आहे. हाताची शीर सापडली नाही, म्हणून पायाची घेतली. रक्त तीन वेळा काढून नेलं, त्यात काही वाढतं का बघायला. छातीची सोनोग्राफी वेगळी, झडपेवर काही बसलं आहे का ते बघायला. कोणी काही सांगत नाही. विचारलं की म्हणतात, रिपोर्ट येऊ दे. मी स्टुलावर बसून तिच्या ओठांकडे बघत असते. झोप लागली तर रंग बदललेला कळणार नाही म्हणून उठून तोंड धुऊन येते.

ऑपरेशनची तारीख गेली. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला मिळाली. त्याची आई रोज माझ्याशी बोलायची, आता बोलत नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही बोलवलं नसतं.

लवंगीने विचारलं, मामाला मी चावले म्हणून मला ताप आला का? मी नाही म्हटलं.

बारकी


२१ मार्च

बारके,

पत्र मी वाचलं. नंतर तुझ्या वहिनीने वाचलं. साचा टेबलावर समोरच होता. मी तो उचलून तिला दाखवायला लागलो की बघ, ही दाढ अजूनही भक्कम दिसते, कुठे काही नाही. ती म्हणाली, "प्लास्टरला ताप येत नाही हो."

एवढंच बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. इथल्या इस्पितळात मुलांच्या दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावला. बाकावर सगळ्या आया आणि पोरं, मी एकटाच प्लास्टर मांडीवर घेऊन बसलेला. एका पोराने विचारलं, आजोबा, तुमचे दात आहेत का हे? डॉक्टर माझ्या निम्म्या वयाचा. साचा बघून म्हणाला, काम सुरेख आहे. मग सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, मुलगी धडधाकट असती तर मीही तुमच्यासारखंच केलं असतं. हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा मला राग आला.

त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. ज्याच्या झडपेत दोष आहे त्याच्या तोंडात शंकेचं मूळ ठेवत नाहीत. भरलेल्या दाढेखाली पू राहू शकतो, तो वरून दिसत नाही, आणि एक दिवस रक्तात उतरतो. जागा गेली तर पुढे तार लावून मिळवता येते. झडप गेली तर तसं करता येत नाही. काढण्याच्या आधी अँटिबायोटिकची मात्रा देतात, आणि हे काम हृदयवाले हजर असतील तिथेच करतात. तुझ्या डॉक्टरीणबाई पहिल्यापासून हेच म्हणत होत्या.

मी परत येताना विचार केला. माझ्याकडे माणूस येतो तेव्हा त्याचे दात गेलेले असतात. माझं सगळं काम तिथून पुढचं. जिवंत दाताखाली काय चालतं ते मी कधी बघितलेलं नाही, आणि बघितलेलं नाही हे तुला सांगितलंही नाही.

आठही काढू दे. रिपोर्ट आला की एक ओळ लिही.

दादा


२ एप्रिल

दादा,

रिपोर्ट आला. रक्तात काही वाढलं नाही आणि झडप स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

आठही काढले. तुझं पत्र यायच्या आधीच मी सही केली होती. हे मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर तुला वाटेल तू सांगितलंस म्हणून केलं. डॉक्टरीणबाई स्वतः इकडे हृदयाच्या इमारतीत आल्या, भूल इथल्या माणसाने दिली. बाहेर येऊन त्यांनी मला सांगितलं, तीन दाढांची मुळं आतून कुजलेली होती. मी म्हटलं, माझ्यामुळे उशीर झाला. त्या म्हणाल्या, "तुम्ही इथवर आणलंत. पुष्कळ लोक तुमच्या गल्लीतल्यासारखा हातमोजे काढून ठेवणारा पहिला डॉक्टर भेटला की घरी जातात."

हे मात्र त्या दिवशी बाहेर थांबू शकले नाहीत. रस्त्यावर चालत राहिले. चूक कोणाची हे ते मला विचारत नाहीत, आणि विचारत नाहीत याचाच मला जास्त त्रास होतो.

लवंगी शुद्धीवर आल्यावर आधी जीभ फिरवून बघत होती. मग तिने नर्सला विचारलं, माझे दात कुठे ठेवलेत? ते मामाला पाठवा, तो लोकांना लावतो, त्याला कमी पडत असतील. नर्स हसून हसून दमली.

नवीन तारीख एप्रिल संपताना आहे. तू ये. सल्ला आणू नकोस. मला कोणीतरी शेजारी बसायला हवं आहे, बाकी काही नको.

बारकी


७ एप्रिल

बारके,

येतो. दुकान बंद राहील. दोन म्हाताऱ्यांच्या कवळ्या अर्ध्यावर आहेत, त्यांना थोडे दिवस पातळ खावं लागेल, तसं सांगून ठेवलं आहे. तुझी वहिनीही येते म्हणते, घरचं स्वयंपाकपाणी ती बघेल.

काय आणू ते कळव. दुसरं काही लिहीत नाही.

दादा


३० मे

दादा,

तुम्ही दोघं गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. हात नाही पोचत.

लवंगी चांगली आहे. छातीवरची खूण सुकली. ओठ इतके गुलाबी झालेत की शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, एवढ्या लहान मुलीला लाली लावू नये. जिना स्वतः चढते, आणि वर पोचल्यावर खाली बघून मला म्हणते, आई, तू दमलीस का?

हो, दमले आहे. मला वाटलं होतं ऑपरेशन झालं की संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तर सुरुवात. दुरुस्त केलेली झडप म्हणजे जन्मभर तोंड स्वच्छ हवं. दोन्ही वेळेला ब्रश मीच करायचा, तिच्या हातात द्यायचा नाही. मी तिचं डोकं मांडीत धरते, ती पाय झाडते, रक्त आलं तरी थांबायचं नाही, उलट तिथेच जास्त घासायचं. औषधाच्या प्रत्येक मात्रेनंतर पाणी. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. दाताला हात लागायच्या आधी अँटिबायोटिकची मात्रा, कायम.

ऑपरेशनच्या दिवशी तू दिवसभर माझ्या शेजारी एक शब्द बोलला नाहीस. दुपारनंतर मला भीती वाटायला लागली की तुलाच काहीतरी झालं आहे. वहिनींना मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, बोलू नका, चांगलं चाललं आहे, चालू दे.

जाताना तू विचारलंस की तिच्या दाढांची जागा धरून ठेवायला छोटी पट्टी करून पाठवू का. बाईंना विचारलं. इतक्यात नको म्हणाल्या, हिरडीवर काही घासलेलं चालणार नाही, वर्षभराने बघू. मी तुला कळवते आहे, विचारत नाही. हे मात्र मनाला लावून न घेता वाच.

लॉन्ड्रीत मला परत घेतलं आहे, पण रजेचं नाव काढायची सोय नाही. पुढची तपासणी जुलैमध्ये आहे. तेव्हा ये आणि तिला तू घेऊन जा. बाकं भरलेली असतात, वेळ लागतो. बाई काय सांगतील ते पुरं ऐकून घे आणि संध्याकाळी मला सांग. पण घरी आलात की दार हळू लोटा. त्या दिवशी माझी सुट्टी आहे, आणि मी झोपलेली असेन.

बारकी